विद्यापीठांचं 'हॉल ऑफ फेम': चाळीस वर्षांनी येणारं बोलावणं

जुलै २०२४ मध्ये लिअँडर पेस आणि विजय अमृतराज यांचा अमेरिकेतल्या न्यूपोर्टला आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. तेव्हा आपल्याकडे चार दिवस हे शब्द कानावर पडत होते. त्याआधी २०१८ मध्ये राहुल द्रविड आणि २०१९ मध्ये सचिन आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. एवढ्या मोठ्या नावांबाबत कुणी "म्हणजे काय हो?" असं विचारत नाही. मोठ्या माणसाचा मोठा मान, विषय संपला.

घोळ होतो तो जरा खालच्या पायरीवर. आमच्या फॅमिली ग्रुपवर अमेरिकेतल्या भाच्याने एक फोटो टाकला. त्याच्या ऑफिसातली पंचावन्न वर्षांची बाई, गळ्यात पदक, हातात लाकडी पाटी, मागे विद्यापीठाचं बोधचिन्ह. खाली ओळ : "आमची मॅनेजर तिच्या युनिव्हर्सिटीच्या हॉल ऑफ फेममध्ये!" बाई कॉलेजात असताना व्हॉलीबॉल खेळायची. ऑलिंपिकला गेली नाही, खेळावर कधी पोट भरलं नाही, आज विम्याच्या कंपनीत आहे. दोन मिनिटांत काकांचा सवाल आला, "कॉलेजात खेळली म्हणून आत्ता सत्कार? तीस वर्षं काय झोपले होते का?"

काकांचा प्रश्न रास्त आहे. त्या तीस वर्षांना कारण आहे, आणि ते थोडं हिशेबाचं आहे.

## 'हॉल' असतो तरी कुठे?

बहुतेक ठिकाणी नसतोच. स्टेडियमच्या किंवा बास्केटबॉलच्या बंदिस्त मैदानाच्या आतल्या बाजूला एक लांब भिंत, त्यावर ओळीने पाट्या, मध्ये काचेच्या कपाटात जुने बूट, चुरगळलेली जर्सी, कडा खाल्लेला चेंडू. हल्ली भिंतीवरची जागा संपली की टचस्क्रीन लावतात. नाव टाइप करा, फोटो बघा.

गंमत म्हणजे ज्या हॉलमुळे ही कल्पना अमेरिकेत रुजली, तो एका विद्यापीठातच उभा राहिला आणि त्याचा खेळाशी काही संबंध नव्हता. न्यूयॉर्क विद्यापीठाचे कुलपती हेन्री मॅक्रॅकन यांनी ब्रॉन्क्समध्ये नवा परिसर बांधला. इमारती टेकडीच्या कडेला आल्यामुळे मागच्या बाजूला ओबडधोबड भिंत उघडी पडत होती. ती झाकायची कशी? वास्तुविशारद स्टॅनफर्ड व्हाइट यांनी तिच्यावर अर्धवर्तुळाकार खांबांची ओसरी रचली आणि त्या ओसरीत थोर अमेरिकनांचे अर्धपुतळे ठेवायचं ठरलं. म्युनिकमधल्या अशाच एका कीर्तिदालनाचा नमुना डोळ्यांसमोर होता. १९०० मध्ये पहिली निवड झाली आणि १९०१ मध्ये दालन खुलं झालं. थोडक्यात, भिंतीचे पोपडे दिसू नयेत म्हणून थोर पुरुष उभे केले गेले. (आपल्याकडे त्यासाठी फ्लेक्स असतो.)

बेसबॉलने ही कल्पना उचलली. १९३६ मध्ये पहिले पाच खेळाडू निवडले गेले आणि १९३९ मध्ये कूपर्सटाउन या छोट्या गावात संग्रहालय उघडलं. मग प्रत्येक खेळाचं एक, प्रत्येक राज्याचं एक आणि हळूहळू जवळपास प्रत्येक विद्यापीठाचं एक, अशी लागणच झाली. या लेखापुरतं बोलायचं तर हॉल ऑफ फेम म्हणजे संस्थेने कायमस्वरूपी जपलेली मानकऱ्यांची यादी. त्या यादीत नाव घालण्याच्या विधीला 'इंडक्शन' म्हणतात. एवढे दोन शब्द पुरेत.

## कॉलेजच्या खेळाला एवढं महत्त्व कशासाठी?

इथे आपला अंदाज हमखास चुकतो. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामना म्हटला की डोळ्यांसमोर येतात टळटळीत ऊन, बारा प्रेक्षक आणि त्यातले सात राखीव खेळाडू.

मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमची क्षमता एक लाख सात हजारांवर आहे. ओहायो स्टेट विद्यापीठाचंही लाखावर. वानखेडेवर साधारण तेहतीस हजार माणसं बसतात, म्हणजे तीन वानखेडे एकत्र केले तरी मिशिगनचं एक कॉलेज-मैदान भरत नाही. ओहायो स्टेट ज्या कोलंबस शहरात आहे, तिथे व्यावसायिक फुटबॉल लीगचा संघच नाही. गावाचा संघ म्हणजे विद्यापीठाचा संघ. इथलं फुटबॉल म्हणजे अर्थातच त्यांचं, अंडाकृती चेंडूचं.

या सगळ्या डोलाऱ्यावर देखरेख करणारी संस्था म्हणजे एनसीएए. स्थापना १९०६ ची, साधारण अकराशे कॉलेजं, पाच लाखांहून जास्त खेळाडू. तिचे दोन जुने नियम ध्यानात ठेवले की पुढचं सगळं उलगडतं. पहिला : खेळाडूला पाच वर्षांच्या आत चार हंगाम खेळता येतात, मग तो कितीही भारी असो. दुसरा, जो आता सैल झाला आहे : खेळाडू 'हौशी' असला पाहिजे, म्हणजे त्याने खेळाचा पैसा घ्यायचा नाही. शिष्यवृत्ती चालेल, फी-हॉस्टेल-जेवण चालेल, पगार नाही. आणि शिष्यवृत्तीही सगळ्यांना नाही. सर्वांत खालच्या, म्हणजे तिसऱ्या गटातली कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत.

आता जत्रेतल्या कुस्तीच्या फडाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. तिकिटं विकली गेली, रसवंतीवाल्याचा धंदा झाला, लाउडस्पीकरवाल्याला भाडं मिळालं, वस्तादांना मोठी बिदागी मिळाली. पैलवानाला दोन वेळचं जेवण आणि फेटा. टीव्हीचे हक्क विकले जायला लागल्यावर अमेरिकी कॉलेज-खेळाचं हेच झालं. प्रशिक्षकांचे पगार कोट्यवधींत गेले आणि खेळाडू हौशीच राहिला. बरं, पुढे जाऊन व्यावसायिक खेळाडू होणारे दोन टक्क्यांहूनही कमी. उरलेले पदवी घेऊन (किंवा न घेता) विम्याच्या कंपनीत, शाळेत, वडलांच्या दुकानात.

माझ्या मते हॉल ऑफ फेमची खरी जागा इथे आहे. ती विद्यापीठाची उधारीची वही आहे. चार वर्षं ज्यांनी घाम गाळला आणि ज्यांना नियमाने काही देता आलं नाही, त्यांची नावं तिथे मांडून ठेवलेली असतात. देणं पैशात फिटत नाही, मानात फिटतं, आणि तेही फार उशिरा.

## एक पाऊण तास आणि बेचाळीस वर्षं

ही उधारी सगळ्यांत लख्ख दिसते ती जेसी ओवेन्सच्या बाबतीत. बर्लिन ऑलिंपिकची चार सुवर्णपदकं आपल्याला शाळेपासून माहीत आहेत. कॉलेजातला ओवेन्स फारसा माहीत नसतो.

१९३३ मध्ये तो ओहायो स्टेटला आला. खेळाची शिष्यवृत्ती नव्हती. फी भरण्यासाठी तो राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीत लिफ्ट चालवायचा. कृष्णवर्णीय असल्यामुळे विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा नाही, त्यामुळे बाहेर भाड्याच्या खोलीत इतर कृष्णवर्णीय मुलांबरोबर राहणं. संघ बाहेरगावी गेला की गोऱ्या सहकाऱ्यांच्या हॉटेलात त्याला प्रवेश नाही. मैदानावर मात्र अंगावरच्या बनियनवर विद्यापीठाचंच नाव.

२५ मे १९३५, ॲन आर्बर, मिशिगन. आंतरविद्यापीठ स्पर्धा. काही दिवसांपूर्वी जिन्यावरून पडून त्याची पाठ धरली होती, वाकताही येत नव्हतं. प्रशिक्षक लॅरी स्नायडर म्हणाले, पहिली शर्यत बघू, मग ठरवू. १०० यार्ड ९.४ सेकंदांत : विश्वविक्रमाची बरोबरी. मग लांब उडी. त्याने त्या दिवशी एकच उडी मारली, २६ फूट सव्वाआठ इंच. हा विश्वविक्रम पुढे २५ वर्षं टिकला. मग २२० यार्ड, नवा विक्रम. मग २२० यार्डांची अडथळ्यांची शर्यत, आणखी एक. तीन विश्वविक्रम आणि एकाची बरोबरी, सगळं मिळून पाऊण तासात. आपला लोकलचा प्रवास याहून लांब असतो.

त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी मिळून त्याने ओहायो स्टेटला एनसीएएची आठ वैयक्तिक विजेतेपदं मिळवून दिली. बर्लिनहून परतला तेव्हा त्याच्यावर वेगळंच संकट आलं. दमलेल्या अवस्थेत युरोपातले प्रदर्शनी सामने सोडून घरी आला म्हणून हौशी क्रीडासंघटनेने त्याला निलंबित केलं. धावण्यावर अधिकृतपणे कमावता येत नव्हतं, अनधिकृतपणे तो घोड्यांशी शर्यत लावून पैसे मिळवू लागला. पदवी अर्धवटच राहिली.

ओहायो स्टेटने १९७२ मध्ये त्याला मानद डॉक्टरेट दिली. १९७७ मध्ये विद्यापीठाने खेळाडूंचं हॉल ऑफ फेम सुरू केलं आणि पहिल्याच तुकडीत ओवेन्सचं नाव घातलं. ॲन आर्बरच्या त्या दुपारनंतर बेचाळीस वर्षांनी. १९८० मध्ये तो गेला. तीन वर्षं उशीर झाला असता तर ती पाटी घ्यायला घरचंच कुणी आलं असतं.

ज्या विद्यापीठाने झोपायला खाट दिली नाही, त्याने भिंतीवर जागा दिली. याला प्रायश्चित्त म्हणा, जाहिरात म्हणा. मला दोन्ही वाटतं, आणि दोन्ही एकाच वेळी खरं असायला हरकत नाही.

## निवड कोण करतं?

विद्यापीठागणिक नियम वेगळे, पण साचा बराचसा सारखा. नाव कुणीही सुचवू शकतं : जुना सहकारी, प्रशिक्षक, शेजारी, स्वतःची मुलगी. अर्ज विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडे जातो. समितीत क्रीडा संचालक, माजी विद्यार्थी संघटनेची माणसं, आधीचे काही मानकरी आणि हमखास एक म्हातारा असतो, ज्याला १९६८ चा प्रत्येक स्कोअर पाठ असतो. मतदान होतं आणि वर्षाला साधारण चार-आठ नावं निघतात. खेळाडूंबरोबर प्रशिक्षक असतात, कधी अख्खा संघ असतो, कधी तीस वर्षं घोटे बांधून देणारा मैदानावरचा माणूसही असतो.

काकांच्या तीस वर्षांचं उत्तर एका नियमात आहे : खेळणं थांबवल्यावर ठरावीक वर्षं गेल्याशिवाय नाव घेता येत नाही. कूपर्सटाउनच्या बेसबॉल हॉलमध्ये ही मुदत पाच वर्षं आहे, कॉलेज फुटबॉलच्या राष्ट्रीय हॉलमध्ये दहा. विद्यापीठंही अशीच काहीतरी मुदत ठेवतात. लोणचं घातल्या दिवशी खायचं नसतं, तसंच हे. कालच्या सामन्याची धुंदी उतरू दे, आकडे निवांत बसून बघू, आणि माणूस पुढे कसा निघतो तेही कळू दे. कॉलेज फुटबॉलच्या हॉलच्या नियमांत तर खेळाडूचं मैदानाबाहेरचं नागरिक म्हणून वागणंही विचारात घ्यावं, असं लिहिलेलं आहे. मुदत संपली की रांग लागते, आणि रांगेत कमी गाजलेल्या खेळातली माणसं मागे सरकत जातात. व्हॉलीबॉलवाल्या बाईंची तीस वर्षं अशी साठली.

सोहळा बहुधा शरद ऋतूत असतो, माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्याच्या आठवड्यात. आदल्या रात्री जेवण, भाषणं, पाट्या. दुसऱ्या दिवशी फुटबॉलच्या सामन्याच्या मध्यंतरात सगळे मानकरी मैदानात येतात. हा क्षण मी एकदा प्रत्यक्ष पाहिला आहे. निवेदक नावं वाचत होता आणि अर्धं स्टेडियम खाण्याच्या रांगेत होतं. सत्तरीचा एक कुस्तीगीर, कान दोन्ही बाजूंनी मोडलेले, नातीचा हात धरून वाळूवर चालावं तसा गवतावर जपून पावलं टाकत आला. टाळ्या बेताच्याच. मग आमच्या पुढच्या रांगेतले चार म्हातारे उभे राहिले आणि त्याच्या आडनावाने ओरडले. त्याने मान वर केली आणि एवढ्या गर्दीत बरोबर त्यांच्याकडे बघितलं.

## मान विद्यापीठातल्या खेळाचा की नंतरच्या कीर्तीचा?

हा प्रश्न समित्यांनाही छळतो, आणि त्याचं मजेदार उदाहरण म्हणजे जॅकी रॉबिन्सन. १५ एप्रिल १९४७ ला ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरून त्याने अमेरिकी बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पाडली. त्याआधी तो लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात होता. तिथे त्याने चार खेळांत 'लेटर' मिळवलं.

लेटर म्हणजे विद्यापीठाच्या मुख्य संघातून पुरेसं खेळल्यावर मिळणारं लोकरीचं मोठं आद्याक्षर, स्वेटरवर शिवायचं. हार्वर्डच्या बेसबॉल संघाने १८६५ मध्ये 'एच' लावायला सुरुवात केली, तिथून ही प्रथा आली. आपल्याकडे जुन्या कॉलेजांत 'कलर' मिळायचा, ब्लेझरवर मिरवायचा, त्याचाच हा भाऊबंद. एका खेळात लेटर मिळालं तरी मुलगा आयुष्यभर सांगतो. चारही खेळांत मिळवणारा यूसीएलएचा पहिला विद्यार्थी रॉबिन्सन.

फुटबॉलमध्ये तो चेंडू घेऊन पळण्यात देशात आघाडीवर, बास्केटबॉलमध्ये विभागात सर्वाधिक गुण, लांब उडीत १९४० चा एनसीएए विजेता. आणि बेसबॉल? एका हंगामात त्याची सरासरी होती .०९७. म्हणजे शंभर वेळा बॅट घेतली तर धड दहादाही फटका बसला नाही. ज्या खेळाने त्याला अजरामर केलं, तो कॉलेजात त्याचा सगळ्यांत कच्चा विषय होता. पदवीही न घेता १९४१ मध्ये तो बाहेर पडला.

१९८४ मध्ये यूसीएलएने हॉल ऑफ फेम सुरू केलं, तेव्हा संस्थापक पंचवीस जणांत रॉबिन्सन होता. तो १९७२ मध्येच वारला होता. पुढे २०१४ मध्ये विद्यापीठाने सगळ्या खेळांतून ४२ हा क्रमांक निवृत्त केला, म्हणजे यापुढे तो कुणाला मिळणार नाही. पण ४२ हा डॉजर्सचा क्रमांक होता, यूसीएलएत त्याने तो कधी घातलाच नव्हता. तेव्हा मान कशाचा, कॉलेजातल्या चार खेळांचा की नंतरच्या लढ्याचा? हॉलमधली पाटी पहिल्याची आणि निवृत्त क्रमांक दुसऱ्याचा, असं मी समजतो.

## मुलींची नावं एवढी कमी का?

जुन्या पाट्या वाचत गेलं की १९७० च्या आधी जवळजवळ सगळे पुरुष दिसतात. मुली खेळत नव्हत्या असं नाही. त्यांच्या खेळाला पैसा, मैदान आणि नोंद यांपैकी काहीच मिळत नव्हतं. जून १९७२ मध्ये 'टायटल नाइन' हा कायदा आला : सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला स्त्री-पुरुष भेद करता येणार नाही. कायद्यात खेळाचा शब्द नव्हता, परिणाम खेळावरच सर्वांत मोठा झाला. १९७४ मध्ये ॲन मायर्स ही यूसीएलएची पूर्ण क्रीडा शिष्यवृत्ती मिळालेली पहिली मुलगी ठरली. १९७८ मध्ये तिने विद्यापीठाला बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं.

पण ते विजेतेपद एनसीएएचं नाही. एनसीएएने वरच्या गटातल्या मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धा १९८१-८२ च्या हंगामात सुरू केल्या. त्याआधी त्या एका वेगळ्या संघटनेकडे होत्या आणि ती पुढे बंद पडली. म्हणून नुसता एनसीएएचा दफ्तरखाना चाळणाऱ्या समितीला सत्तरच्या दशकातली मुलगी सापडतच नाही. तिला शोधायला जुनी वर्तमानपत्रं आणि जुन्या मैत्रिणी लागतात.

## हा सगळा देणग्यांचा खेळ तर नाही?

थोडासा आहे, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. मेजवानीची तिकिटं विकली जातात, अख्खी टेबलं कंपन्या घेतात. 'विशेष योगदान' या नावाखाली कधीकधी मोठा देणगीदारही भिंतीवर जातो. ज्याला मान मिळाला तो, आणि त्याचे मित्र, पुढच्या वर्षी चेक फाडण्याची शक्यता वाढते. नव्या मुलांना संघात ओढायला आणतात तेव्हा पहिली फेरी याच भिंतीपुढून काढतात.

पण विद्यापीठाला हे देणगीदारासाठीच करायचं असतं तर इमारतीला नाव देणं सोपं होतं. भिंतीवर बहुतेक नावं पैसा नसलेल्यांची असतात. माझी तक्रार वेगळी आहे. फुटबॉल आणि बास्केटबॉलवाले पटापट आत जातात, तिरंदाजी, पोहणं, तलवारबाजीवाले रांगेत म्हातारे होतात.

आणि हसण्याआधी आपल्या घरात बघू. मी शिकलो त्या कॉलेजच्या जिमखान्यात सागवानी फळा होता, सोनेरी अक्षरांत विद्यापीठाच्या संघात निवडलेल्यांची नावं. शेवटची ओळ १९८६-८७ ची. त्यापुढे पेंटर मिळाला नाही की खर्चाचं हेड मिळालं नाही, कोण जाणे. फळ्याच्या मधोमध खिळा ठोकून पतसंस्थेचं कॅलेंडर लावलं होतं आणि त्याच्याखाली कुणाचं तरी नाव होतं. आडनावाची शेवटची दोन अक्षरं 'कर', एवढंच दिसायचं.

आपल्याकडे कॉलेजचं आणि खेळाडूचं नातं नव्हतंच असंही नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तिथून खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं. इथे तर उधारीच उलटी, कॉलेजच्या माणसाने खेळाडूसाठी कर्ज काढलेलं. देशाने खाशाबांना अर्जुन पुरस्कार दिला तो ते गेल्यानंतर दीड दशकाहून जास्त काळाने.

## मानकऱ्याने पुढे तोंड काळं केलं तर?

ओ. जे. सिम्पसन १९८३ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या हॉलमध्ये गेला, १९८५ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या. पुढे खुनाच्या खटल्यात सुटला, दिवाणी दाव्यात त्याच मृत्यूंसाठी जबाबदार ठरला आणि नंतर दरोड्याच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला. दोन्ही ठिकाणचं नाव तसंच राहिलं. 'खेळाडू म्हणून निवडला होता' हे उत्तर. याउलट ब्रॉन्क्समधल्या त्या मूळ दालनातून २०१७ मध्ये रॉबर्ट ली आणि स्टोनवॉल जॅक्सन या गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनापतींचे पुतळे उचलले गेले. म्हणजे 'कायमचं' हा शब्दही परिस्थितीवर अवलंबून.

सगळ्यांत बोलकं प्रकरण रेजी बुशचं. २००५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून खेळताना त्याला कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च हाइस्मन चषक मिळाला. मग कळलं की त्याच्या कुटुंबाने दलालांकडून पैसे आणि राहायला घर घेतलं होतं. हौशीपणाचा भंग! २०१० मध्ये विद्यापीठावर कारवाई झाली, त्याच्याशी संबंध तोडायला लावले गेले, परिसरातून त्याच्या खुणा हटल्या, चषक परत गेला. आणि मग जग बदललं. २०२३ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या हॉलने त्याला घेतलं, एप्रिल २०२४ मध्ये हाइस्मन परत मिळाला. त्याने काही नवं केलं नव्हतं. नियम बदलले होते.

## आता पैसे मिळतात, मग पाटी कशाला?

जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःचं नाव, चेहरा वापरून जाहिराती करण्याची मोकळीक मिळाली. जून २०२५ मध्ये एका मोठ्या खटल्यातल्या तडजोडीला न्यायालयाने मान्यता दिली. त्यानुसार सहभागी विद्यापीठ खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. शिवाय मागची भरपाई म्हणून सुमारे २.८ अब्ज डॉलर, पण ते २०१६ पासून खेळलेल्यांना. त्याआधीच्यांची वही पाटीवरच बंद.

दुसरा बदल त्याहून खोल आहे. पूर्वी विद्यापीठ बदललं की एक वर्ष बाकावर बसावं लागे. २०२१ मध्ये ही अट एका बदलीपुरती सैल झाली आणि २०२४ मध्ये जवळपास निघूनच गेली. आता चांगला मुलगा चार वर्षांत तीन विद्यापीठांत खेळू शकतो, जिथे भाव जास्त तिथे. त्यात मला गैर वाटत नाही, प्रशिक्षक वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत. पण मग तो कुणाचा? पुण्याचा टेनिसपटू अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटचा, सोमदेव देववर्मन व्हर्जिनियाचा. सोमदेवने २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं एनसीएएचं एकेरीचं विजेतेपद व्हर्जिनियाला आणलं. ती नावं विद्यापीठाला चिकटतात कारण माणसं तिथे राहिली, तिथल्या मेसमध्ये जेवली. एकाच हंगामाच्या पाहुण्याची पाटी कुठल्या भिंतीवर लावायची, हा प्रश्न दहा वर्षांची मुदत संपली की समित्यांपुढे येणारच आहे. 'किमान दोन हंगाम इथे खेळलेला असावा' अशी अट काही ठिकाणी आधीपासून आहे. तिचा उपयोग आता कळेल.

## आपल्या ओळखीचं कुणी असेल तर

सत्तर-ऐंशीच्या दशकात अमेरिकेत शिकायला गेलेला मामा तिथल्या टेबल टेनिसच्या किंवा टेनिसच्या संघात होता, असं घरात कुणी सांगत असेल तर ते नुसतं ऐकून सोडू नका. अर्ज बहुतेक ठिकाणी विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या संकेतस्थळावर असतो आणि तो नातेवाईकही भरू शकतात. खेळल्याची वर्षं, प्रशिक्षकाचं नाव, स्पर्धांचे निकाल, विद्यापीठाच्या वार्षिकातलं पान आणि त्या वेळच्या एका तरी सहकाऱ्याचं पत्र लागतं. मामाला विचारायला गेलात तर तो "काही नाही रे, असंच खेळायचो" म्हणेल. मामीला विचारा. कात्रणं तिच्याकडे, लोखंडी पेटीत, साड्यांच्या खाली असतात.